केन्शी: वस्ती उपाशी का पडते? (कामांची यादी, पेट्या, जखमा, पहारा)

खडीफोड्या (धागाकर्ता)

केन्शी या संगणक खेळात नव्याने वस्ती उभारणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून त्याच. गहू पेटीत पडून आहे पण पाव नाही. धाड आली तेव्हा टरेटवर (भिंतीवरचं बाण मारणारं यंत्र) चिटपाखरू नव्हतं. मेडकिट होते, पण ज्याच्या थैलीत होते तोच आडवा पडला. या तिन्हींचं मूळ लढाईत शोधू नका, ते कामांच्या यादीत आणि पेट्यांच्या मांडणीत आहे. वस्ती धाडीत मोडताना दिसते, पण हमालीत ती कितीतरी आधी मोडलेली असते. म्हणून हा धागा. तलवारबाजीसाठी वेगळे धागे आहेत.

आधी यादी. माणूस निवडा, शिफ्ट दाबून यंत्रावर उजवी क्लिक करा, की ते काम त्याच्या यादीत कायमचं बसतं. यादी वरून खाली वाचली जाते. वरचं काम करण्यासारखं असेपर्यंत खालच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सगळी गोम इथेच आहे, कारण कामं दोन जातींची आहेत.

पहिली जात अधूनमधून उगवणारी: मलमपट्टी, दुरुस्ती, पिकाची काढणी, स्वयंपाक. गरज असेल तेव्हाच हे काम 'आहे', एरवी माणूस ते ओलांडून खाली उतरतो. दुसरी जात जवळपास न संपणारी: तांब्याची किंवा लोखंडाची खाण, दगडफोड, संशोधन. पेटी तुडुंब भरेपर्यंत खाण संपत नाही. ती यादीत सर्वात वर ठेवलीत तर खालचं शेत वाळून जाईल आणि हा बाबा निवांत कुदळ मारत बसेल.

म्हणून अधूनमधून उगवणारी कामं वर, न संपणारी तळाला. साधारण क्रम असा: मेडिक, टरेट, शेत, स्वयंपाक, इंजिनिअर, हमाली, आणि सर्वात खाली खाण किंवा दगड. संशोधनाला एकच माणूस द्या आणि त्याच्या यादीत फार काही ठेवू नका, सायन्सचं कौशल्य एकाच डोक्यात साठलेलं बरं.

आता पेट्या. केन्शीत मालाप्रमाणे पेटी असते: गव्हाची वेगळी, लोखंडाची वेगळी, बांधकाम साहित्याची वेगळी. काम करणारा माणूस माल आणतो आणि नेतो तो या ठरावीक पेट्यांमधून. साधी सर्वमाल पेटी या व्यवहारात धरलीच जात नाही. तिच्यात हाताने टाकलेलं पीठ पाव भाजणाऱ्याला सापडणार नाही, भट्टीशेजारी पेटी असली तरी. गहू आहे पण पाव नाही या तक्रारीतली निम्मी प्रकरणं इथे मिटतात.

उरलेली निम्मी अंतराची. गव्हाच्या काड्या शेतातून निघतात, ग्रेन सायलोत त्यांचं पीठ होतं, पीठ आणि पाणी भट्टीवर जातं, मग पाव, मग अन्नाचा पिंप. मधल्या प्रत्येक टप्प्याला कुणीतरी चालत जातं. सायलो एका टोकाला आणि भट्टी दुसऱ्या टोकाला असेल तर आचाऱ्याचा दिवस चालण्यात जातो. शेत, गव्हाची पेटी, सायलो, पिठाची पेटी, विहीर, भट्टी, पिंप हे याच ओळीत आणि एकमेकांना चिकटून हवं.

---

रात्रपाळी

+१. यादीबद्दल एक पुरवणी. सगळ्यांना एकच यादी देण्याचा मोह टाळा. सहा जणांच्या सहाही याद्यांत 'शेत' वर असेल तर पीक तयार झाल्याबरोबर सहाही जण कुदळ टाकून तिकडे धावतात, दोघांचं काम सहा जण करतात आणि बाकी वस्ती ठप्प.

सहा जणांसाठी वाटणी:
दोन शेतकरी (शेत, मग विहीर, मग हमाली),
एक आचारी (भट्टी, सायलो, मग हमाली),
एक इंजिनिअर (बांधकाम-दुरुस्ती, मग दगड),
एक दगड आणि बांधकाम साहित्य,
एक मोकळा: मेडिक, टरेट, आणि तळाला खाण.

मेडिक यांतल्या आणखी एकाच्या यादीतही टाका, तो दोघांकडे हवाच. एकच मेडिक असला आणि पहिला वार त्याच्यावरच पडला तर बाकीचे रक्त सांडत बघत बसतात. किटही दोघांकडे वेगवेगळे ठेवा, काम यादीत आहे आणि थैलीत किट नाही तर काही उपयोग नाही.

हमालाला मोठी थैली द्या. एका खेपेत किती माल उचलतो हे थैलीतल्या जागेवर ठरतं. फक्त लढणाऱ्याच्या पाठीवर तीच थैली ठेवू नका. मोठ्या व्यापारी थैल्यांमुळे लढाईतल्या कौशल्यांना फटका बसतो. मारामारी दिसली की थैली जमिनीवर टाकायची, आतला माल आतच राहतो, नंतर उचलायची.

---

चौकस_चिमणी

पीक कोणतं लावायचं हे कसं ठरवायचं? गहू सगळे लावतात म्हणून लावला, पण काढणीला निम्मा वाया जातोय.

---

रात्रपाळी

दोन वेगळे प्रश्न आहेत.

पीक जमिनीवर ठरतं. बांधायला घेण्याआधी त्या जागी उभं राहून प्रॉस्पेक्टिंग करा. खेळ सांगतो की जमीन किती शुष्क, किती हिरवी, किती दलदलीची, सुपीकता किती, भूजल किती, दगड किती, वारा किती. कॅक्टस शुष्क जमिनीत, गहू आणि ग्रीनफ्रूट हिरव्या जमिनीत, राइसवीड दलदलीत. जमीन मिश्र असेल तर आकडे बघून ठरवा. सुपीकता भरपूर आणि भूजल नगण्य अशी जागा नकोच, शेताला पाणी विहिरीवरून जातं आणि ते उचलून नेणारा माणूस तुमचाच असतो.

लोखंड आणि तांब्याचे खडक जवळ आहेत का तेही आधी बघा. सुपीकता अप्रतिम आणि लोखंड दोन डोंगर पलीकडे, अशा जागेत प्रत्येक भिंत महाग पडते.

काढणीत वाया जाणं हा कौशल्याचा प्रश्न. फार्मिंग कमी असलेला माणूस पीक हाताळताना खराब करतो, शिवाय तयार पीक फार काळ उभं राहिलं तर मरतं. सुरुवातीला लहान शेत लावा, एकाच माणसाला त्यावर ठेवा, त्याचं फार्मिंग वर येऊ द्या, मग वाढवा. पहिल्याच दिवशी चार मोठी शेतं लावणं म्हणजे चार मोठी शेतं मरताना बघणं.

सुरुवातीला ग्रीनफ्रूट गव्हापेक्षा सोपं. शेतातून थेट स्टोव्हवर जातं, शिजलेली भाजी तयार. मध्ये सायलो नाही, पीठ नाही, भट्टी नाही. माणसं कमी असताना एक टप्पा वाचणं म्हणजे अर्धा माणूस वाचणं.

---

उंबरठा

मूळ गृहीतकालाच हरकत घेतो. वस्तीची घाई कशाला?

द हब किंवा स्क्विन या शहरांत घर विकत घ्या. हबमधली पडकी घरं स्वस्त मिळतात, बांधकाम साहित्य लावून डागडुजी करावी लागते एवढंच. आत संशोधनाचं बाक, पलंग, पेट्या, स्टोव्ह, सरावाचे पुतळे सगळं बसतं. अन्न बारमधून, मेडकिट दुकानातून. तटबंदी नको, टरेट नको. आणि मुख्य म्हणजे शहरातल्या घरावर खंडणी मागायला कुणी येत नाही. धाडींचं घड्याळ वस्तीवर चालतं.

शहरात उघड्यावर शेती करता येत नाही आणि बाहेरच्या मोठ्या इमारती उभ्या करता येत नाहीत, हे मान्य. पण संशोधनाच्या पहिल्या पायऱ्या, पैसा आणि माणसांची कौशल्यं हे तिन्ही शहरात राहून होतं. हबजवळचं तांबं खणा, विका, जेवा. धूळ डाकूंना (डस्ट बँडिट्स) हाताळणारे तीन-चार जण तयार झाले की मग वस्तीचा विचार करा.

---

हार्पूनतात्या

उंबरठा यांच्याशी निम्मा सहमत. शहरात फक्त बसून राहिलं तर मात्र खेळ तिथेच अडतो. बांधकाम साहित्य, लोखंडी पत्रे, इलेक्ट्रिकल कंपोनंट हे विकत घेत गेलात तर कॅट्स (खेळातलं चलन) कधीच साठत नाहीत. पुढच्या संशोधनाला पुस्तकं लागतात, त्यानंतर प्राचीन विज्ञानाची पुस्तकं आणि एआय कोअर, आणि ते दूरच्या पडक्या अवशेषांत. तिकडे जाणाऱ्या टोळीमागे माल पुरवणारी जागा हवीच.

घर आधी आणि वस्ती नंतर हा क्रम मात्र बरोबर. वस्तीची पहिली वीट ठेवण्याआधी हे हाताशी असावं: पंधरा-वीस जेवणं प्रत्येकी, मेडकिट किमान चार, स्प्लिंट किट दोन, आणि भरपूर बांधकाम साहित्य. दगडाची खाण आणि स्टोन प्रोसेसर आधी बांधा, साहित्य तिथेच तयार होऊ लागलं की मग विहीर आणि शेत. भिंती शेताआधी नकोत. चार विटा आणि एक गेट घेऊन उभ्या राहिलेल्या उपाशी वस्त्या पुष्कळ दिसतात.

---

चौकस_चिमणी

पण मग धाड आली तर? उघड्यावरच?

---

हार्पूनतात्या

उघड्यावर असताना दगडी घर हाच किल्ला. दार लावा, आत शिरा, दारातून एकेकाला घ्या. फक्त हत्यार बघा. लांब हत्यारांना, म्हणजे भाले आणि मोठ्या पात्यांच्या हत्यारांना, घरात मार बसतो. आत लढायचं असेल तर कटाना किंवा आखूड हत्यार.

खंडणीचंही गणित करा. धूळ डाकू आधी माणूस पाठवून कॅट्स मागतात. पहिल्या एक-दोनदा देऊन टाका. ती रक्कम तीन माणसं आठवडाभर पलंगावर पडून राहण्यापेक्षा स्वस्त पडते. अभिमान नंतर, टरेट झाल्यावर.

आता तटबंदी. तीन चुका नेहमीच्या.

पहिली: भिंत डोंगराला टेकवली आणि मध्ये फट राहिली. डोळ्याला दिसत नाही, पण वाट काढणाऱ्या डाकूला बरोबर सापडते. भिंतीचं टोक डोंगराच्या आत घुसेपर्यंत ओढा.

दुसरी: टरेट गेटच्या अगदी डोक्यावर. भिंतीवरच्या टरेटला स्वतःच्या पायाशी मारता येत नाही. गेट फोडायला आलेला बरोबर त्या आंधळ्या जागेत उभा असतो. टरेट गेटच्या दोन्ही बाजूंना, थोडे लांब, तिरके ठेवा, म्हणजे डावीकडचा उजवीकडच्या पायाशी मारतो आणि उलट.

तिसरी: टरेटवर नवखा. कौशल्य कमी असलेल्याचा बाण आपल्याच माणसाच्या पाठीत जातो. प्रिसिजन शूटिंग वर येईपर्यंत गेटबाहेर आपले लढवय्ये उभे करू नका. गेट बंद, माणसं वर, डाकू गेट बडवतायत आणि दोन बाजूंनी हार्पून: नवख्यांसाठी हीच सर्वात सुरक्षित शाळा. इंजिनिअरच्या यादीत दुरुस्ती असेल तर गेट आतून सावरलं जातं.

---

उंबरठा

गेट बंद ठेवण्यापेक्षा लांब चिंचोळी वाट करून गेट उघडं ठेवणारेही आहेत. डाकू भिंत फोडत बसत नाहीत, वाटेने आत येतात आणि वाटभर दोन्हीकडून मार खातात.

---

हार्पूनतात्या

चालतं, पण ती वाट संपते तिथे चांगले लढणारे हवेत. वाटेतून जे सुटतील ते थेट शेतात पोचतात आणि तिथे तुमचा फार्मिंगवाला उभा असतो, ज्याच्या मेली डिफेन्सला (हातघाईतला बचाव) शून्याशेजारी घर आहे. सहा-आठ जणांच्या वस्तीला बंद गेटच बरं.

---

अवांतरसम्राट

अवांतर: सुरुवातीच्या पर्यायांत 'रॉक बॉटम' निवडणाऱ्यांना या धाग्यात काही मिळेल का? एक हात नाही, कपडे नाहीत, वाळवंट. वस्ती सोडा, माणूसच उपाशी.

---

खडीफोड्या

अवांतर कसलं, हाच मुद्दा राहिला होता: एकटा माणूस जगतो कसा, म्हणजे जखमा आणि भूक.

भुकेचा आकडा 300 पैकी असतो. माणूस वेळ आली की जवळचं अन्न स्वतःच खातो, जबरदस्तीने भरवायची गरज नाही. आकडा खूप खाली गेला की सगळी कौशल्यं घसरतात, अशा अवस्थेत लढायला गेलात तर हार लिहिलेली. म्हणून निघण्याआधी भूक भरलेली आणि थैलीत अन्न, या दोन्हींवर नजर टाका. हाइव्ह जातीला भूक कमी लागते आणि स्केलेटनला (यंत्रमानव) लागतच नाही, त्यामुळे लांबच्या शोधमोहिमांना स्केलेटन सोयीचा. त्याला मात्र साधा मेडकिट चालत नाही, दुरुस्तीचे वेगळे किट लागतात, आणि खोल झीज भरायला दुरुस्तीचा पलंग.

जखमा. डोकं, छाती, पोट आणि हातपाय यांचे आकडे वेगवेगळे, साधारण माणसाचे 100 पासून सुरू. शून्याखाली गेलेला पाय चालू देत नाही, हात हत्यार धरू देत नाही. उणे 100 च्या आसपास डोकं, छाती किंवा पोट गेलं तर मरण, आणि हातपाय गेला तर तो तुटून पडतो. हे आकडे त्या क्षणी थांबत नाहीत, हे मुख्य. कापलेली जखम पट्टी बांधेपर्यंत खालीच जात राहते. उणे 60 वर पडलेला माणूस दोन मिनिटांनी उणे 60 वर नसतो. म्हणून लढाई जिंकायची की पट्टी बांधायची असा प्रश्न पडला तर पट्टी.

बोथट माराने रक्त फारसं जात नाही. कुणाला जिवंत धरायचं असेल, किंवा सरावासाठी कुणाला न मारता पाडायचं असेल, तर काठी वापरा.

पट्टीने जखम थांबते, भरायला वेळ लागतो, पलंगावर तो बराच कमी होतो. स्प्लिंट वेगळी गोष्ट आहे: मोडका पाय तात्पुरता चालता करते. मोहिमेवर दोन स्प्लिंट किट नेणं म्हणजे परतीची हमी. वस्तीत बसून त्याची तितकी गरज नाही.

---

रात्रपाळी

आणि हरायचं कोणाकडून हे निवडा. केन्शीत शत्रू तुमच्या पातळीप्रमाणे वर-खाली होत नाहीत, 870 चौरस किलोमीटरच्या जगात जो जिथे आहे तो तेवढाच कडक. त्यामुळे जागा म्हणजेच अवघडपणा.

भुकेले डाकू (हंग्री बँडिट्स) तुम्हाला पाडतील, अन्न काढून घेतील आणि निघून जातील. उठा, पट्टी बांधा, पुढे चला. अनुभव मिळाला. गुलामांचे व्यापारी पाडल्यावर बेड्या घालून नेतात. अडकलात, पण जिवंत, आणि पिंजऱ्यात लॉकपिकिंग छान वाढतं. नरभक्षक आणि फॉगमेन (धुक्यात राहणारे) मात्र पाडलेल्याला घेऊन जातात ते खाण्यासाठी. बीक थिंग (चोचीचा मोठा, वेगवान प्राणी) तर न्यायचीही तसदी घेत नाही.

म्हणून कॅनिबल प्लेन्स, फॉग आयलंड्स, व्हेन आणि गट इथे कच्ची टोळी नेऊ नका. फॉग आयलंड्समधल्या मॉन्ग्रेल गावात बीप नावाच्या पात्राला फुकट सोबत घेता येतं म्हणून लोक धुक्यात धावतात आणि टोळीच गमावतात. अॅथलेटिक्स (पळण्याचं कौशल्य) चांगलं वाढवून, ओझं काढून, न थांबता पळता आलं तरच. बीक थिंगच्या पुढे पळणं हा अॅथलेटिक्सचाच हिशेब आहे, तलवारीचा नाही.

---

चौकस_चिमणी

टफनेस (मार सोसण्याची ताकद) कसा वाढवायचा? मार खाऊन वाढतो एवढंच सगळे सांगतात.

---

रात्रपाळी

मार खाऊन वाढतो हे खरंच, पण खरा हिस्सा उठण्यात आहे. पडलेला माणूस थोडा वेळ मेल्याचं सोंग करून पडून राहतो. शत्रू जवळ असताना त्याला उठायचा हुकूम दिला की टफनेसला मोठा अनुभव मिळतो. भुकेल्या डाकूंपुढे दोनदा उठणं हे लांबच्या एका मोठ्या मारापेक्षा जास्त देतं. जखमा खोल असतील, आकडे उणे खोलात असतील, तर हे करू नका. टफनेस कमी असताना बेशुद्ध होण्याची सीमा लवकर येते, म्हणून सुरुवातीला प्रत्येक लढाईनंतर आडवं होणं स्वाभाविक.

स्ट्रेंथ ओझ्याने वाढते. क्षमतेहून जास्त ओझं घेऊन चालायचं, किंवा बेशुद्ध माणूस खांद्यावर घ्यायचा. वस्तीतल्या हमालाच्या थैलीत कच्चं लोखंड कायम भरून ठेवा, दिवसभर चालतोच आहे, स्ट्रेंथ फुकटात. त्याच माणसाकडून अॅथलेटिक्सची अपेक्षा करू नका, तो बिनओझ्याने पळवूनच वाढतो.

सरावाच्या पुतळ्यांना कमाल मर्यादा लहान आहे. त्याच्या पुढे खऱ्या शत्रूखेरीज मेली अटॅक वाढत नाही. तुमच्याहून तगड्या शत्रूकडून अनुभव जास्त मिळतो, पण तो अनुभव नंतर पट्टी बांधायला कुणीतरी उभं असेल तरच कामाचा.

---

अवांतरसम्राट

हबमधल्या शिनोबी थीव्हज् या चोरांच्या टोळीला 10,000 कॅट्स देऊन सामील झालं तर फायदा होतो का, की ते पैसे खाणीतच घालावे?

---

उंबरठा

पैसे वाजवी. त्यांच्या मनोऱ्यात पलंग मिळतात, सरावाची साधनं मिळतात, आणि चोरीचा माल विकायला जागा मिळते, जो एरवी ज्यांच्याकडून चोरला त्याच गटाच्या दुकानात विकता येत नाही. वस्ती करायचीच नसेल तर हा पर्याय चांगलाच. वस्ती करायची असेल तर आधी प्रोसेसर आणि विहीर.

---

खडीफोड्या

वीज राहिली. पवनचक्कीचा उत्पन्नाचा आकडा वाऱ्यावर हलतो, म्हणून प्रॉस्पेक्टिंगमधला वारा बघा आणि सरासरीवर हिशेब करू नका, वारा पडल्यावरच्या आकड्यावर करा. वीज कमी पडली की यंत्रं थांबत नाहीत, रेंगाळतात, आणि पाव का कमी येतो हे कळत नाही. बॅटऱ्या जोडा किंवा गरज नसलेल्या यंत्रांची वीज हाताने बंद ठेवा. इंधनावर चालणारा जनरेटर फक्त आधाराला.

---

चौकस_चिमणी

सगळं केलं. दोन प्रश्न उरलेत. एक, होली नेशन या कट्टर धार्मिक राज्याच्या हद्दीत ओक्रन्स प्राइडला जमीन फार सुपीक दिसते, तिथे बांधावं का? दोन, एक माणूस दगडाच्या खाणीजवळ नुसता उभा राहतो, यादीत काम आहे, पेटी रिकामी आहे, तरी हलत नाही.

---

हार्पूनतात्या

पहिल्याला: जमीन छान आहे, अट मोठी आहे. प्रार्थनेच्या दिवशी पुजारी पहारेकऱ्यांसह वस्तीवर येतो. 'होली फ्लेम' (त्यांचा धर्मग्रंथ) थैलीत असलेला मानवी पुरुष त्याच्यासमोर असेल तर निभावतं. टोळीत स्केलेटन असेल किंवा कुणाला यांत्रिक हात लावला असेल तर तिथे बांधूच नका. युनायटेड सिटीज या दुसऱ्या राज्याच्या हद्दीत बांधलंत तर करवसुली करणारे नियमित येतात, तिथे धर्माऐवजी कॅट्सचा प्रश्न. हबच्या आसपासच्या बॉर्डर झोनमध्ये त्रास मुख्यतः डाकूंचा. नवख्यांना मी तेच सांगेन.

---

खडीफोड्या

दुसऱ्याला: तीन गोष्टी बघा, याच क्रमाने. पॅनेलवर त्याची 'जॉब्ज' कळ चालू आहे का, लढाईच्या वेळी बंद केलेली ती तशीच राहून जाते. मग 'होल्ड' किंवा 'पॅसिव्ह' लागलेलं आहे का. दोन्ही ठीक असेल तर वाट अडलेली आहे: नवी भिंत, घराचा कोपरा, दोन यंत्रांमधली अरुंद बोळ. त्याला हाताने थोडा लांब चालवून परत सोडा. तरीही जिथल्या तिथे घुटमळला तर वेगळ्या नावाने सेव्ह करून इम्पोर्ट करा (सेव्ह केलेला खेळ नव्याने मांडून उघडणं), इम्पोर्टच्या पर्यायांत काय ठेवायचं आणि काय पुन्हा मांडायचं ते नीट वाचून. संशोधन पुसून टाकणारी खूण चुकून राहू देऊ नका.